ग्रीसच्या पायऱ्या चढण्यापूर्वी



गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थायिक असते, आईवडिलांच्या लग्नाला चाळीस-पन्नास वर्षे पूर्ण होत असतात, आणि सर्वांनी मिळून ग्रीसच्या समुद्रातील क्रूझ सहल ठरवलेली असते. आठवडाभराचा प्रवास आणि त्यात चार-पाच बंदरे. सामान एकदाच उघडायचे, रोज त्याच खोलीत झोपायचे, जेवण वेळेवर आणि वरखाली जायला लिफ्ट. म्हणून ही सहल ज्येष्ठांना सोयीची समजली जाते, आणि ती तशी आहेही. मग तपासणी आटोपली की हळूच विचारले जाते, “डॉक्टर, जायला हरकत नाही ना?”

बहुतेकांना माझे उत्तर “अवश्य जा” असेच असते. मात्र त्यापुढे एक गोष्ट सांगावी लागते. जहाज कितीही सोयीचे असले, तरी जे पाहण्यासाठी आपण एवढ्या दूर जातो ते जहाजावर नसते. प्राचीन ग्रीकांनी आपली अनेक प्रमुख देवालये उंच जागी बांधली. ‘अक्रोपोलिस’ या शब्दाचा अर्थच मुळी उंचावरचे नगर असा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते दगड पाहायचे, तर चढ, पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेला संगमरवर आणि डोक्यावरचे ऊन यांना सामोरे जावे लागते. म्हणून खरा प्रश्न जावे की न जावे हा नाही. प्रत्येक बंदरात काय पाहावे आणि काय निःसंकोचपणे सोडून द्यावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बसच्या दारात उभे राहून शोधू नये. ते निघण्यापूर्वी महिनाभर आधी, घरी, सर्वांनी एकत्र बसून ठरवावे.

जहाजाची घाई, शरीराची गती

क्रूझचा दिवस साधारणपणे ठरलेला असतो. जहाज सकाळी बंदराला लागते आणि सायंकाळी निघते. मधल्या वेळेत बसमधून तीस-चाळीस प्रवाशांचा गट स्थळाकडे नेला जातो. मार्गदर्शक पुढे चालतो आणि गट त्याच्यामागे. गटाची गती ही निरोगी चाळिशीतल्या माणसाची गती असते. सत्तरीतला माणूस त्या गतीने चालू शकतो, पण मध्ये थांबून श्वास घेण्याची त्याला गरज असते. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो आहे, या संकोचाने तो तेच थांबणे टाळतो. त्यातून धाप लागते, तोल जातो, छाती भरून येते.

बहुतेक क्रूझ कंपन्या आपल्या सहलींना सोपी, मध्यम आणि कष्टाची अशा प्रती लावतात. माहितीपत्रकातील ही खूण चित्रांपेक्षा आधी पाहावी. चालण्याचे अंतर, पायऱ्यांची संख्या आणि स्थळावर मिळणारा वेळ या तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. कुटुंबात चार-पाच माणसे असतील, तर बंदरावरून स्वतंत्र वाहन ठरवणे अनेकदा अधिक सुखाचे पडते, कारण मग गती आपली असते. मात्र एक लक्षात ठेवावे. जहाज आपल्या अधिकृत सहलीच्या बससाठी थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशांसाठी सहसा थांबत नाही. म्हणून परतीला तास-दीड तासाची सवड ठेवावी.

घरच्या घरी एक साधी परीक्षा घेता येते. तीन मजल्यांचा जिना आपल्या गतीने चढावा आणि वर पोहोचताच एक लांब वाक्य सलग बोलून पाहावे. वाक्य मध्येच तुटले, छातीत दडपण वाटले किंवा चक्कर आली, तर तिकिटापूर्वी डॉक्टरांकडे जावे. पुण्याच्या वाचकांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या ओळखीच्या आहेत. ऱ्होड्स बेटावरील लिंडोसच्या टेकडीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. पर्वती चढताना ज्यांना दोनदा बसावे लागते, त्यांनी लिंडोसचे गणित घरीच मांडून पाहावे.

वर प्रतिकृती, खाली मूळ मूर्ती

अथेन्सचे उदाहरण घेऊ, कारण बहुतेक सहली पिरेअस या अथेन्सच्या बंदरातून सुरू होतात किंवा तेथे येतात. अक्रोपोलिसची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंच आहे. तिच्या माथ्यावर पार्थेनॉन हे अथेना देवीचे मंदिर आहे. त्याचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले आणि शिल्पकामासह ते इ.स.पू. ४३२ मध्ये पूर्ण झाले. लक्षावधी पावलांनी तेथील दगड इतका झिजला आहे, की कोरड्या दिवशीही बूट घसरतो. टेकडीच्या उत्तर बाजूला लिफ्ट आहे आणि वर काही भागात सपाट काँक्रीटची वाटही केलेली आहे. मात्र ही लिफ्ट ज्यांना चालणे खरोखर अशक्य आहे त्यांच्यासाठी आहे, केवळ थकलेल्यांसाठी नाही. तिची चौकशी आधीच करावी लागते. २०२३ पासून प्रवेशाला रोजची मर्यादा आणि ठरावीक वेळ घालून दिलेली आहे, त्यामुळे सकाळी आठची वेळ आधी राखून ठेवणे उत्तम.

आता टेकडीच्या पायथ्याकडे पाहा. तेथे २००९ मध्ये उघडलेले अक्रोपोलिस संग्रहालय आहे. लिफ्ट आहेत, व्हीलचेअरने फिरता येते, आत गारवा आहे आणि टेकायला जागाही आहे. टेकडीवरील इरेक्थिऑन मंदिराचा सज्जा ज्या सहा स्त्रीमूर्तींनी डोक्यावर तोलला आहे, त्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. वर टेकडीवर आज ज्या उभ्या आहेत, त्या प्रतिकृती आहेत. मूळ सहांपैकी पाच मूर्ती या संग्रहालयात आहेत आणि एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाचे सर्वांत वरचे दालन पार्थेनॉनच्याच दिशेने वळवून बांधलेले आहे. मंदिरावरची शिल्पपट्टी तेथे तिच्या मूळ क्रमाने मांडली आहे आणि काचेच्या भिंतीतून खुद्द पार्थेनॉन समोर दिसते.

याचा अर्थ असा, की जो धापा टाकत वर गेला त्याने प्रतिकृती पाहिल्या, आणि जो खाली थांबला त्याने मूळ मूर्ती शांतपणे, समोर उभे राहून पाहिल्या. वर जाण्याचा आनंद मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण खाली थांबणे ही हार नव्हे, एवढेच ज्येष्ठांनी मनाशी पक्के करावे.

हीच गोष्ट क्रीट बेटावर पुन्हा दिसते. हेराक्लिऑन बंदरापासून सुमारे पाच किलोमीटरवर नोसॉसचा प्रासाद आहे. आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये तेथे मोठे उत्खनन सुरू केले आणि पुढे काही भाग काँक्रीटने पुन्हा उभा केला. तेथील भिंतींवर आज दिसणारी रंगीत चित्रे प्रतिकृती आहेत. मूळ चित्रांचे जपलेले अंश हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. बैलावरून उडी घेणाऱ्या तरुणाचे प्रसिद्ध चित्र आणि अजूनही न उलगडलेल्या लिपीची फेस्टॉसची तबकडी तेथेच पाहायला मिळते. पाय दुखत असतील त्या दिवशी नोसॉस सोडून केवळ संग्रहालय पाहिले, तरी मिनोअन संस्कृतीचे दर्शन अपुरे राहत नाही.

बंदरे निवडताना

सपाट आणि सावलीची जागा हवी असेल, तर काताकोलो बंदरावरून ऑलिंपियाला जावे. हे स्थळ नदीकाठच्या खोऱ्यात आहे. जमीन बहुतांशी सपाट, मात्र खडीची आणि कोठे कोठे उंचसखल आहे, झाडे भरपूर आहेत. झ्यूसच्या मंदिराचे प्रचंड खांब भूकंपाने कोसळले ते तसेच पडलेले दिसतात. प्राचीन धावपट्टी सुमारे १९२ मीटर लांब आहे. नातवंडांनी तेथे धावावे आणि आजीआजोबांनी बाजूच्या उतारावर बसून पाहावे. प्राचीन काळचे प्रेक्षकही तेथे मातीच्या उतारावरच बसत असत.

सँटोरिनी बेटाची गोष्ट वेगळी आहे. मोठी जहाजे समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. बोटीत उतरताना खलाशाचा हात नव्हे, तर मनगटाच्या वर घट्ट पकडावे आणि बोट वर आली की पाऊल टाकावे. जुन्या बंदरावरून फिरा गावात जायला केबल कार आहे, साडेपाचशेहून अधिक पायऱ्यांचा रस्ता आहे आणि गाढवेही आहेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी गाढवावर बसू नये. केबल कारच्या रांगेत मात्र ऊन असते, हे लक्षात ठेवावे. याच बेटावर अक्रोतिरी हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले नगर आहे. त्यावर मोठे छप्पर आहे आणि चालण्यासाठी बांधीव मार्ग आहेत, त्यामुळे ते ज्येष्ठांना झेपते.

अक्रोतिरीत एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा स्फोट झाला, परंतु उत्खननात त्या काळच्या रहिवाशांचे सांगाडे सापडलेले नाहीत. आधीच्या भूकंपांचे हादरे ओळखून लोक वेळेत बाहेर पडले असावेत, असे मानले जाते. आपले शरीरही मोठ्या संकटापूर्वी लहान हादरे देते. डोके जड होणे, पोटऱ्यांत गोळे येणे, विनाकारण चिडचिड होणे, दोन पायऱ्यांवर धाप लागणे, ही सगळी त्याचीच भाषा आहे. ती ऐकणारा माणूस घाबरट नसतो, शहाणा असतो.

मायकोनॉसहून बोटीने अर्ध्या तासावर डेलॉस हे निर्मनुष्य बेट आहे. अवशेष अपूर्व आहेत, पण सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि तोल मात्र जातो. किनाऱ्याजवळचा सपाट भाग पाहून परतावे, टेकडीचा मोह सोडावा. आणि बोटीतच उलटीचा त्रास होणाऱ्यांनी समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी डेलॉस सोडून द्यावे.

ऊन आणि पाणी

महाराष्ट्रातील, विशेषतः कोकण-मुंबईतील माणसाला घाम आला की उकाडा कळतो. ग्रीसचा उन्हाळा कोरडा असतो. घाम येतो, पण तो लगेच वाळतो. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले याचा अंदाजच येत नाही. त्यातच वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेमुळे अक्रोपोलिस काही दिवस भर दुपारी बंद ठेवावे लागले होते, यावरून त्या उन्हाची कल्पना यावी. शक्य असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. उन्हाळ्यातच जायचे असेल, तर अवशेष सकाळी पाहावेत, संग्रहालय दुपारी.

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी उन्हातील दिवसांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या देऊ लागले आणि अंग तापले असेल, तर तो थकवा नाही, तो उष्माघात आहे. त्या व्यक्तीला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो. ग्रीसमधील रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६ आहे. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

न घेतलेली गोळी

येथे मला एका गृहस्थांविषयी सांगितले पाहिजे. वय सत्तरीपुढे, हृदय थोडे अशक्त, रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी. क्रूझवर असताना सहलीच्या दिवशी ती गोळी त्यांनी घेतलीच नाही, आणि दुपारपर्यंत पाणीही टाळले. कारण एकच. अवशेषांच्या ठिकाणी शौचालय बहुधा प्रवेशद्वारापाशी असते, आत गेल्यावर सोय नसते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांचे पाय सुजले आणि त्या रात्री त्यांना आडवे होता येईना. जहाजावरील डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शन दिले म्हणून निभावले. परत आल्यावर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मुलांनी एवढा खर्च केला. दर तासाला ‘बाथरूम कुठे आहे’ असे काय विचारायचे?”

वाचकहो, हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून अनेकदा ऐकले आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. रोजची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तिची वेळ बदलता येते का, सहलीच्या दिवशी ती परतल्यावर घेता येईल का, हे तुमचे डॉक्टर सांगू शकतात. अनेकांच्या बाबतीत असा बदल शक्य असतो. फक्त ते निघण्यापूर्वी विचारावे. शिवाय जहाजावरचे जेवण, ऑलिव्ह आणि तेथील फेटा चीज यांत मीठ बरेच असते. गोळी बंद आणि मीठ जास्त, अशा दुहेरी चुकीने शरीरात पाणी साठते. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांनी ते बेतानेच खावे.

मधुमेहींनी सकाळची सहल साडेसातला निघते आणि जेवण तीन वाजता मिळते, हे गृहीत धरूनच नियोजन करावे. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन, नेहमीपेक्षा अधिक चालून जेवण लांबले, तर साखर घसरते. हात थरथरणे, दरदरून घाम, गोंधळ ही लक्षणे थकव्यासारखीच भासतात. खिशात साखरेच्या पुड्या किंवा गोड बिस्किटे असावीत आणि ती कोठे आहेत हे सोबतच्या माणसालाही ठाऊक असावे. इन्सुलिन उन्हात उभ्या बसमध्ये ठेवू नये. नवे कोरे बूट घालून प्रवासाला निघू नये. महिनाभर वापरलेले, पुढून बंद आणि खरबरीत तळव्याचे बूट घालावेत. ज्यांच्या पायांना बधिरता आहे, त्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्याव्यात.

समुद्र लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट आणि काही प्रकारच्या काचबिंदूच्या रुग्णांना त्यांतील काही गोळ्या चालत नाहीत, आणि वृद्धांना त्यामुळे भ्रम होऊ शकतो. गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि आदल्या रात्री ती घेतली असेल, तर दुसऱ्या सकाळी पायऱ्यांची सहल टाळावी. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर केवळ सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

गुडघे आणि डोळे

पायऱ्या चढताना धड पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्यावर भार उतरताना अधिक येतो, म्हणून वर पोहोचलो म्हणजे झाले असे मानू नये. काठीला रबरी टोपण नवे बसवून घ्यावे, झिजलेले टोपण संगमरवरावर सरकते. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी पुसट दिसते. उतरताना मान थोडी झुकवून चष्म्याच्या वरच्या भागातून पाहावे. पांढरा दगड ऊन परावर्तित करतो, तेव्हा रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा हवाच. उन्हातून संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात शिरल्यावर मिनिटभर दाराशी थांबावे. वयस्कर डोळ्यांना अंधार ओळखायला वेळ लागतो आणि पहिल्याच पायरीवर पाय चुकतो.

संग्रहालयातही एक फसगत असते. तेथे आपण चालत नाही, उभे राहतो, पुन्हा दोन पावले सरकतो. कंबरेला आणि पोटऱ्यांना हे सरळ चालण्यापेक्षा जड जाते. पाऊण तास पाहावे, दहा मिनिटे बसावे. सर्व दालने पाहण्याचा आग्रह सोडावा. व्हीलचेअर मिळत असेल, तर संकोच न करता घ्यावी. चालण्याची शक्ती वाचली की पाहण्याची शक्ती उरते. रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती पडली आणि डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

सोबतच्या माणसांसाठी

आता चार शब्द मुलामुलींसाठी आणि सुनांसाठी. “आई, थकलीस का?” या प्रश्नाला आपल्या घरांत “नाही रे” हेच उत्तर मिळते. तो प्रश्न विचारू नका. “मला जरा बसायचे आहे, आपण दोघे बसू,” असे म्हणा. दर अर्ध्या तासाने तुम्हीच बाक शोधा, तुम्हीच आधी पाणी प्या, शौचालय दिसले की तुम्हीच “मी जाऊन येतो, बाबा तुम्हीही चला” म्हणा. वडीलधाऱ्या माणसाला मागावे लागू नये, यातच त्याचा मान आहे.

एकाच्या थकव्यासाठी सर्वांनी वर जाणे रद्द करू नका. तसे केले तर पुढच्या वेळी ते थकवा लपवतील. दोन तुकड्या करा. एक वर जाईल, एक खाली संग्रहालयात किंवा सावलीतल्या कॉफीच्या दुकानात बसेल. भेटण्याची जागा आणि वेळ कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. स्मरणशक्ती मंदावलेल्या व्यक्तीला मात्र एकटे सोडू नये. तिच्या खिशात जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक आणि तुमचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि रात्री खोलीत मंद दिवा असावा.

सर्व औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात ठेवावीत. सहलीपेक्षा आठवडाभर पुरतील एवढी अधिक घ्यावीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ रासायनिक नावांसह असावी, कारण आपली व्यापारी नावे तेथे कोणाला कळत नाहीत. विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क मोठे असते आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवावे लागते. लपवलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते.

जुन्या उपचारस्थळांचा धडा

सवड असेल, तर एक तरी ठिकाण असे पाहावे जे आरोग्याशी जोडलेले आहे. ऱ्होड्सच्या जुन्या शहरातील पुरातत्त्व संग्रहालय पंधराव्या शतकातील रुग्णालयाच्या इमारतीत आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी ते उभारले आणि त्याचा मोठा रुग्णकक्ष आजही वरच्या मजल्यावर पाहता येतो. कॉस बेट हे हिपोक्रेटिसचे जन्मस्थान. त्याचा जन्म इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा. तेथील अस्क्लेपिऑन हे आरोग्यदेवतेचे स्थान त्याच्या पश्चात, तीन टप्प्यांवर उभे राहिले. खालचा टप्पा पाहायला फारसे चढावे लागत नाही. नाफ्प्लिओ बंदरावरून एपिडॉरसला जाता येते. तेथे दूरदूरचे रोगी येत, देवळाच्या आवारात झोपत आणि स्वप्नात देव येऊन बरे करील अशी आशा धरीत. त्या जागेत स्नानगृहे होती, व्यायामाची जागा होती, पाहुण्यांचे निवास होते आणि हजारो प्रेक्षकांचे रंगमंडलही होते. त्या रंगमंडलाच्या पंचावन्न ओळी चढण्याची गरज नाही. खाली मध्यभागी उभे राहून कोणी स्पष्ट आणि मोठ्याने बोलले, तर ते वरपर्यंत पोहोचते, आणि वर बसायला नातवंडे आहेतच.

त्या लोकांना आजची औषधे ठाऊक नव्हती. पण आजारी माणसाला विश्रांती हवी, स्वच्छता हवी, करमणूक हवी आणि सोबत हवी, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या सहलीतही एवढे साधले, तर पाहिलेल्या स्थळांची संख्या कमी झाली तरी बिघडत नाही.

डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरावर प्राचीन काळी काही उपदेशवचने कोरलेली होती असे जुने लेखक सांगतात. त्यांतील दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक, स्वतःला ओळख. दुसरे, कशाचाही अतिरेक नको. दुसऱ्याला आपल्याकडे ‘अति तिथे माती’ म्हणतात. डेल्फी स्वतः पर्नासस पर्वताच्या चढावर आहे, तेव्हा तेथे जाणाऱ्याने ही दोन्ही वचने चढण्यापूर्वीच आठवावीत.

या पंधरवड्यात ज्यांच्या घरी अशा सहलीचा बेत शिजत असेल, त्यांनी आज सायंकाळी एक कागद घ्यावा. प्रत्येक बंदरापुढे दोन रकाने करावेत, एक ‘पाहायचे’ आणि दुसरा ‘सोडायचे’. दुसरा रकाना ज्येष्ठांनी स्वतःच्या हाताने भरावा आणि मुलांनी त्यावर वाद घालू नये. मग तो कागद आणि औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे.

आपला प्रवास सुखाचा आणि निरामय होवो.